विश्लेषण : पत्त्यांचा बादशहा कफल्लक का मेला? स्टू उंगर आणि पोकरमधल्या आघाडीचे गणित

२२ नोव्हेंबर १९९८. लास वेगासमधल्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत ४५ वर्षांचा एक माणूस मृतावस्थेत सापडला. त्याच्याजवळ जेमतेम ८०० डॉलर होते. बँकेत काही नव्हते, स्वतःचे घर नव्हते. वर्षे अमली पदार्थांत घालवल्याने हृदय निकामी झाले होते.

दीडच वर्षापूर्वी याच माणसाने पोकरची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली होती आणि पहिले बक्षीस होते १० लाख डॉलर. त्याचे ते तिसरे जगज्जेतेपद. नाव स्टू उंगर. पत्त्यांच्या टेबलावर त्याच्याइतका हुशार माणूस झाला नाही, असे मानणारे आजही बरेच आहेत.

मग प्रश्न पडतो, की हा माणूस इतका सरस होता तर पैसा गेला कुठे? आणि त्याहून मूलभूत प्रश्न म्हणजे पोकर खेळून पोट भरणारा व्यावसायिक हा कसलेल्या हौशी खेळाडूपेक्षा नक्की किती पुढे असतो? दोन्हींची उत्तरे उंगरच्या आयुष्यातच सापडतात.

स्टू उंगर कोण होता?

जन्म ८ सप्टेंबर १९५३, न्यूयॉर्क. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात तो वाढला. वडिलांचा बार होता, पण खरा धंदा सट्टा घेण्याचा. त्या बारमध्ये पत्त्यांचे अड्डे चालत. लहानग्या स्टूने आकडेमोड आणि पत्ते तिथेच शिकून घेतले. दहाव्या वर्षी त्याने जिन रमीची एक स्पर्धा जिंकली.

जिन रमी म्हणजे आपल्याकडच्या रमीची चुलत बहीण. खेळणारे दोघे, हातात प्रत्येकी दहा पाने, सेट आणि सिक्वेन्स लावायचे. समोरचा कोणते पान उचलतो आणि कोणते टाकतो हे लक्षात ठेवले की त्याच्या हातात काय आहे याचा अंदाज येत जातो. स्टूची स्मरणशक्ती अफाट होती. काही पाने टाकून होताच समोरच्याचा हात त्याला जवळपास दिसू लागायचा.

१९६७ मध्ये वडील हृदयविकाराने गेले. आई आजारी पडली. आई आणि बहिणीची जबाबदारी अंगावर आली, तशी स्टूने शाळा सोडली आणि पत्त्यांवर घर चालवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या गुन्हेगारी जगाशी संबंध असलेल्या एका बड्या माणसाने त्याला पाठीशी घातले. अंगाने किरकोळ, चेहऱ्याने पोरगेलासा. त्यामुळे नाव पडले 'द किड'.

जिन रमीतली आघाडीच अडचण कशी ठरली?

जिन रमीत स्टूला तोड नव्हती. त्या काळच्या एका नामांकित खेळाडूला त्याने ८६ डाव सलग हरवले आणि स्वतः एकही गमावला नाही, असे सांगितले जाते. हळूहळू त्याच्याशी खेळायला कोणी बसेना. मग तो समोरच्याला सवलती देऊ लागला. गड्डीतले सर्वांत खालचे पान आधीच बघून घेण्याची मुभाही तो देई. तरीही जिंकायचा तोच.

त्यातच घोड्यांच्या रेसवर हरून तो कर्जात बुडाला. न्यूयॉर्क सोडून आधी मायामीला आणि १९७७ च्या सुमारास लास वेगासला आला. तिथेही तेच झाले. तो उतरणार असेल तर इतर लोक नाव नोंदवत नाहीत, म्हणून कॅसिनोंनी त्याला जिन रमीच्या स्पर्धांत न खेळण्याची विनंती केली.

ब्लॅकजॅकमध्येही वेगळे काही घडले नाही. या खेळात निघून गेलेली पाने लक्षात ठेवली की पुढे काय येण्याची शक्यता जास्त हे कळते. स्टूने पैज लावून अनेक कॅट एकत्र पिसलेल्या गड्डीतले अखेरचे पान कोणते ते सांगून दाखवले. ब्लॅकजॅकमध्ये हरलेला पैसा कॅसिनोच्या खिशातून जातो. साहजिकच कॅसिनोंनी त्याला ब्लॅकजॅकच्या टेबलांवरून हाकलायला सुरुवात केली.

आघाडी फार मोठी आणि उघड असेल तर तिच्यावर कमाई करता येत नाही, हा धडा यातून मिळतो. जिन रमीत प्रतिस्पर्धी पळाले, ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोने दार लावले. उरला तो पोकर.

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात. कॅसिनो फक्त प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो, त्याला 'रेक' म्हणतात. त्यामुळे कोण जिंकतो याच्याशी कॅसिनोला देणेघेणे नसते. आणि हरणाऱ्याला वाटते, आज पाने वाईट होती. तो पुढच्या शनिवारी पुन्हा येतो.

पहिले जगज्जेतेपद नशिबाने मिळाले की कौशल्याने?

'वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर' ही स्पर्धा १९७० मध्ये लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत सुरू झाली. तिची मुख्य लढत 'नो लिमिट टेक्सास होल्डेम' या प्रकाराची असते. प्रत्येकाला दोन पाने गुप्त मिळतात, पाच पाने टेबलावर सर्वांसाठी उघडली जातात आणि या सातांतून पाच पानांचा सर्वांत भारी हात लावायचा असतो. प्रवेश फी होती १० हजार डॉलर.

१९८० मध्ये ७३ खेळाडूंत २६ वर्षांचा स्टू होता. होल्डेमचा त्याला फारसा अनुभव नव्हता. अंतिम लढतीत समोर होता दोन वेळचा विजेता डॉयल ब्रन्सन. स्पर्धा चालू असतानाच एखादा खेळाडू इतका सुधारत गेलेला आपण पहिल्यांदा पाहिला, असे ब्रन्सनने पुढे सांगितले.

आता तो शेवटचा डाव बघू. स्टूकडे इस्पिकची पंजी आणि चव्वी होती. टेबलावर पहिली तीन पाने आली ती एक्का, सत्ती, दुर्री. ब्रन्सनच्या हातात एक्का आणि सत्ती, म्हणजे दोन जोड्या. स्टूचा हात पार मागे. त्याला सिक्वेन्ससाठी फक्त तिर्री हवी होती. न दिसलेल्या ४७ पानांत तिर्र्या चार, म्हणजे पुढच्याच पानाला ती येण्याची शक्यता साधारण १२ पैकी १. तरीही तो डावात राहिला. पुढचे पान आले तिर्रीच. स्टू जिंकला.

हे नशीब नाही का? आहेच. पण दुसरी बाजूही आहे. तिर्री आली नसती तर स्टूला त्या फेरीत लावलेल्या रकमेवर पाणी सोडून बाजूला होता आले असते. ती आली, तर तगडा हात धरून बसलेला ब्रन्सन सगळ्या चिप्स पणाला लावेल, हा हिशोब होता. हरलो तर थोडे जाईल, जिंकलो तर सगळे मिळेल. नशिबाची किंमत आधी मोजून मग ते विकत घ्यायचे, पोकरमधले कौशल्य असेच असते.

पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, ७५ खेळाडूंत तो पुन्हा जिंकला. अंतिम लढतीत त्याने अलास्कातल्या पेरी ग्रीन या फरच्या व्यापाऱ्याला हरवले.

आघाडी मोजतात कशी?

पोकरमध्ये डाव सुरू होण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीची रक्कम टाकावी लागते. त्यातली मोठी ती 'बिग ब्लाइंड'. दर १०० डावांमागे किती बिग ब्लाइंड जिंकले, यावरून खेळाडूची आघाडी ठरवतात.

उदाहरणासाठी धरू, की एक चांगला व्यावसायिक १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड कमावतो. पण नो लिमिट होल्डेममध्ये १०० डावांत नशिबाने होणारा चढउतार ८० बिग ब्लाइंड किंवा त्याहून अधिक असतो. कमाई ५ आणि हेलकावा ८०. संख्याशास्त्राचे साधे सूत्र लावले तर चित्र असे दिसते :

- १०० डावांनंतर हा व्यावसायिक फायद्यात असण्याची शक्यता : सुमारे ५२ ते ५३ टक्के
- १० हजार डावांनंतर : सुमारे ७३ टक्के
- १ लाख डावांनंतर : ९७ टक्क्यांच्या वर

म्हणजे एका संध्याकाळी व्यावसायिकाची आघाडी नाणेफेकीपेक्षा किंचितच बरी असते. कॅसिनोच्या टेबलावर तासाला साधारण ३० डाव होतात. दर शनिवारी पाच तास खेळणाऱ्या हौशी माणसाचे वर्षभरात आठ हजारही डाव होत नाहीत. आपण खरोखर चांगले आहोत की नशीबवान, हे त्याला वर्षाअखेरीसही खात्रीने सांगता येत नाही.

यंत्राचीही यातून सुटका नाही. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या संगणक प्रणालीने चार अव्वल व्यावसायिकांना हरवले. निकालात नशिबाचा वाटा कमी राहावा म्हणून ती लढत २० दिवस चालली आणि १ लाख २० हजार डाव खेळले गेले. लिब्राटसची आघाडी निघाली १०० डावांमागे सुमारे १४.७ बिग ब्लाइंड. माणसांच्या दृष्टीने हा आकडा फारच मोठा आहे.

कसलेला हौशी खेळाडू किती मागे असतो?

नवख्याची गोष्ट वेगळी. तो प्रत्येक डावात उतरतो आणि पैसे वाटत सुटतो. पण कसलेल्या हौशी खेळाडूला शक्यतांचे गणित पाठ असते. कोणत्या पानांवर खेळायचे आणि कोणती टाकायची हे तो जाणतो. समजा त्याची कमाई १०० डावांमागे १ बिग ब्लाइंड आहे आणि व्यावसायिकाची ५. दहा हजार डावांनंतर दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर साधारण तीनपैकी एकदा हौशी माणसाचीच वही भरलेली दिसेल. त्यामुळे त्याने स्वतःला व्यावसायिकाच्या बरोबरीचा समजले तर नवल नाही.

तरीही एवढ्या लहान फरकावर एकाचे घर चालते आणि दुसऱ्याचा जेमतेम खर्च निघतो. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० च्या वर्ल्ड सीरिजचे निकाल तपासले. आधीच्या कामगिरीवरून उच्च दर्जाचे ठरवलेल्या ७२० खेळाडूंना गुंतवलेल्या पैशांवर सरासरी ३० टक्क्यांहून अधिक परतावा मिळाला. बाकीच्यांना सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास तोटा झाला. गटागटाने पाहिले तर आघाडी लख्ख दिसते. एकट्यादुकट्याकडे पाहिले तर ती नशिबात हरवून जाते.

हा फरक येतो कुठून? मोठ्या, अवघड डावांत दोघे जवळपास सारखेच खेळतात. व्यावसायिक पुढे जातो तो लहान निर्णयांत. हरणारा हात तो थोडा आधी टाकतो. जिंकणाऱ्या हातावर थोडे जास्त काढतो. कच्चे खेळाडू असलेले टेबल शोधून बसतो, स्वतःहून भारी लोकांचे टेबल टाळतो. सलग हरल्यावर डोके तापवून रक्कम वाढवत नाही. आणि एका वाईट महिन्याने रस्त्यावर येऊ नये म्हणून खेळायचे भांडवल घरखर्चापासून वेगळे ठेवतो.

यादीतली शेवटची गोष्ट स्टू उंगरने आयुष्यात कधीच केली नाही.

मग पैसा गेला कुठे?

पोकरने त्याला भरभरून दिले. १९८४, १९८८ आणि १९८९ अशी तीन वर्षे त्याने 'सुपर बोल ऑफ पोकर' ही त्या काळची दुसरी मोठी स्पर्धा जिंकली. पण टेबलावरून उठला की तो पैसा घोड्यांवर, अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांवर, गोल्फच्या पैजांवर लावायचा. तिथे त्याची आघाडी शून्याच्याही खाली होती.

अमेरिकेत सामन्यावर सट्टा लावताना साधारणपणे १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० डॉलर लावावे लागतात. निम्म्या वेळा अंदाज बरोबर आला तरी लावलेल्या प्रत्येक १०० डॉलरमागे साडेचार डॉलर जातात. नुसते बरोबरीत राहायचे तरी ५२ टक्क्यांहून जास्त अंदाज बरोबर यावे लागतात. सट्टेबाजाच्या मुलाला हे गणित ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. बाप ज्या बाजूला बसून कमवायचा, त्याच्या समोरच्या बाजूला मुलगा बसला.

एका खेळात हुशार असलेला माणूस सगळीकडे हुशार ठरतो, हा भ्रम त्याला महागात पडला. पोकरमध्ये महिनोन्महिने थेंबाथेंबाने साठवलेले एका दुपारच्या रेसमध्ये वाहून जायचे.

त्यात कोकेनची भर पडली. १९८६ मध्ये घटस्फोट झाला. १९८९ मध्ये पत्नीच्या आधीच्या, त्याने दत्तक घेतलेल्या मुलाचा मृत्यू झाला. १९९० च्या जागतिक स्पर्धेत चिप्सचा मोठा साठा हाताशी असताना तिसऱ्या दिवशी तो टेबलावर आलाच नाही. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने हॉटेलच्या खोलीत तो पडलेला आढळला. त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोरून सक्तीच्या रकमा कापल्या जात राहिल्या. तरीही आधीचा साठा इतका होता की न खेळता तो नववा आला.

१९९७ मध्ये तो परतला कसा?

१९९७ मध्ये प्रवेश फी भरायलाही त्याच्याकडे पैसे नव्हते. बिली बॅक्स्टर या जुन्या मित्राने ऐन वेळी १० हजार डॉलर भरले. बोली झाली, जिंकलास तर अर्धे अर्धे. खेळाडू होते ३१२. कोकेनने नाकाची झालेली दुर्दशा झाकायला स्टूने गोल निळा चष्मा लावला होता.

त्याचे डोके मात्र शाबूत होते. फ्रीमॉन्ट स्ट्रीटवर उघड्यावर मांडलेल्या अंतिम टेबलावर शेवटी समोर उरला जॉन स्ट्रझेम्प. तो कॅसिनो व्यवसायातला अधिकारी होता, पोकर हा काही त्याचा पोटापाण्याचा धंदा नव्हता.

शेवटच्या डावात स्ट्रझेम्पकडे एक्का आणि अठ्ठी, स्टूकडे एक्का आणि चव्वी. टेबलावर एक्का, पंजी, तिर्री आली आणि सगळ्या चिप्स मध्ये गेल्या. चौथे पान पुन्हा तिर्री. हौशी माणूस पुढे होता. डाव थेट जिंकायचा तर स्टूला दुर्री किंवा चव्वी हवी होती, राहिलेल्या ४४ पानांतल्या सातपैकी एक. शेवटचे पान उलटले, दुर्री. एक्का ते पंजी सिक्वेन्स. १९८० मध्येही त्याला जगज्जेता केले होते ते याच सिक्वेन्सने.

त्या एका डावात हौशी खेळाडूचा हात सरस होता आणि नशीब व्यावसायिकाच्या बाजूने वळले. स्टू तिथवर ज्या खेळाने पोहोचला होता, तो मात्र नुसत्या नशिबाने शक्य नव्हता. विजयानंतर त्याने कॅमेऱ्यासमोर मुलीचा फोटो धरला.

बॅक्स्टरचा वाटा देऊन पाच लाख डॉलर हाती आले. काही महिन्यांत ते सट्ट्यात आणि व्यसनात संपले. पुढच्या वर्षी बॅक्स्टरने पुन्हा फी भरली, पण खेळ सुरू होण्याच्या थोडे आधी स्टूने खेळणार नाही असे कळवले. सहा महिन्यांनी तो गेला. अंत्यविधीच्या खर्चासाठी ओळखीच्यांत वर्गणी काढावी लागली. २००१ मध्ये त्याचे नाव पोकरच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये आले.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

पत्त्यांचा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद आपल्याकडेही जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला होता. २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणताना कौशल्य आणि नशीब असा भेद ठेवला नाही.

न्यायालयात काहीही ठरो, गणित बदलत नाही. पोकरमध्ये कौशल्य आहे, पण ते दिसायला हजारो डाव लागतात. तेवढे डाव खेळायला वेळ लागतो, तोवर टिकायला भांडवल लागते आणि ते भांडवल दुसरीकडे न उडवण्याची शिस्त लागते. स्टू उंगरकडे यातले कौशल्य होते, तेही जगात सर्वाधिक. भांडवल त्याने कधी साठू दिले नाही.